अण्णा बॅटरी उतरवायला येतात

"सूनबाई, जराशी उरली आहे. उतरवून जाऊ का?"

दिवेलागणीच्या वेळी एखादा पुरुष ओट्यासमोर उभा राहून असं विचारू लागला, तर नवख्या माणसाला भलताच संशय येईल. माझ्या मावशीला आला होता. ती अमळनेरहून चार दिवस राहायला आली होती. तिनं मला दंडाला धरून आत ओढलं आणि विचारलं, "हे कोण गं, आणि काय उरलंय त्यांचं?" मी म्हटलं, "बॅटरी. कॅमेऱ्याची. रोज येतात ते." मावशीचं काही समाधान झालं नाही. ते जाईपर्यंत ती स्वयंपाकघरातच बसून राहिली.

दिगंबर अण्णा आमच्याच गल्लीत, नदीवरच्या राजघाटाकडं उतरणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी राहतात. तहसील कचेरीत बाबू होते, तिथूनच निवृत्त झाले. अंगात पांढरा बुशशर्ट, पायात कचेरीतलेच काळे बूट, आणि गळ्यात काळ्या पिशवीतला एक छोटा, चंदेरी डिजिटल कॅमेरा. कॅमेरा तसा बिचारा साधाच. त्याच्यात अण्णांना फारसा रसही नव्हता. सगळा जीव त्याच्या पोटातल्या बॅटरीत. ती बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही, असा त्यांचा नियम होता, आणि तो ते एखाद्या व्रतासारखा पाळत.

"अर्धवट भरली ना सूनबाई, की ती तेवढंच ध्यानात ठेवते," ते मला समजावत. "मग पुढच्या वेळेस तेवढीच भरते. बाकीची जागा फुकट गेली समजा. म्हणून रोज पूर्ण उतरवायची, मग फुल भरायची."

रोज भरायची म्हणजे रोज उतरवणं आलं. फ्लॅश मारला की बॅटरी लवकर उतरते, आणि फ्लॅशला अंधार लागतो. तेव्हा आमच्याकडं संध्याकाळी लाइटची कटौती असायची. लाइट गेली की पलीकडच्या मोहल्ल्यातले विणकरांचे करघे एकदम थांबायचे, गल्ली काळीठिक्कर पडायची, आणि त्या अंधारात एकेका घरात लख्खकन उजेड पडायचा. ओट्यावर बसल्या बसल्या आम्हाला कळायचं, अण्णा आता सोनारांकडं आहेत, आता मास्तरांकडं, आता आपल्याकडं येतील.

फोटो कशाचा काढायचा याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. सोनारांची नवी बादली, मास्तरांची सायकल, आमच्या जिजी. जिजी म्हणजे माझ्या सासूबाई. त्या खाटेवर बसून मेथी निवडत असायच्या, आणि अण्णा समोर उभे राहून त्यांच्यावर फ्लॅशमागून फ्लॅश मारायचे. पहिल्या पहिल्यांदा जिजी पदर नीट घेऊन हसून बसायच्या. त्यावर अण्णा म्हणायचे, "हसू नका जिजी. हसून काही फरक पडत नाही. फ्लॅशले तितकीच लागते."

आणि काढलेले फोटो ते तिथल्या तिथं पुसून टाकत.

"एवढा उजेड डोळ्यात मारता माझ्या," जिजी एकदा चिडल्या, "त्यातला एखादा तरी ठेवा ना भाऊ. म्हातारीचा चेहरा काय इतका वाईट आहे?"

"फोटो कोण काढू राहिलं जिजी?" अण्णा शांतपणे म्हणाले. "मी बॅटरी उतरवू राहिलो."

कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात बॅटरीच्या तीन कांड्या दिसतात. अण्णा माणसांकडंही त्याच नजरेनं पाहायला लागले होते. मी शाळेतून, स्टेशनाकडच्या लालबागहून, टेंपोत धक्के खात घरी आले की ते मला पाहून म्हणत, "सूनबाई, एकच कांडी आहे आज. आधी चहा घ्या." मास्तरांना ताप आला तेव्हा त्यांना पाहून आले आणि म्हणाले, "लाल लागली आहे, पण लुकलुकत नाही अजून. काळजी नको." जिजींना मात्र ते कायम तीन कांड्या द्यायचे. भांडायला लागल्या की चौथी.

या नियमापायी त्यांनी एक बारसं पार बुडवलं, तो किस्सा गल्लीत अजून सांगतात. सोनारांच्या नातवाचं बारसं होतं. फोटोवाला बोलावण्यापेक्षा अण्णांनाच सांगू, घरचं माणूस आहे, असं ठरलं. बारसं दुपारचं. अण्णा सकाळीच हजर झाले, कारण आदल्या दिवशी पाऊस होता, कुठं जाता आलं नव्हतं, आणि बॅटरी अर्धी उरली होती. अर्धी बॅटरी घेऊन बारसं कसं करायचं? आधी ती उतरवणं भाग होतं. मग त्यांनी मांडवाचे फोटो काढले, दारातल्या चपलांचे काढले, आचाऱ्याचे, त्याच्या झाऱ्याचे, घाणातून निघणाऱ्या एकेका वड्याचे काढले. बॅटरी एकदाची संपली, अण्णांनी समाधानानं ती चार्जिंगला लावली, आणि लाइट गेली. ती आली तेव्हा बाळाचं नाव ठेवून, पंगत उठून, पाहुणे स्टेशनला निघाले होते. त्या दिवशी अण्णांनी फोटो पुसले नाहीत, तेवढी एक भलाई केली. त्यामुळं त्या बारशाचे सगळे फोटो आहेत, फक्त बाळ नाही. सोनारांच्या आजीनं अण्णांशी बोलणं टाकलं. तरी अण्णा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या दारात उभे होतेच. जराशी उरली होती.

मी हसते, पण मला याचं नवल वेगळ्याच कारणासाठी वाटायचं. अण्णा असे नव्हतेच मुळी. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून त्यांना पाहते आहे. कामाशिवाय कोणाच्या दारात जायचं नाही, हा त्यांचा बाणा. कचेरीत लोक उगाच येऊन टेबलाला टेकून उभे राहत, त्याचा त्यांना इतका वीट आला होता की आपण तसं कोणाकडं करायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आमच्याकडं सत्यनारायणाला यायचे, प्रसाद घेऊन निघायचे. सासरे गेले तेव्हा आले, लाकडाची व्यवस्था पाहिली, सगळं पार पडेपर्यंत थांबले आणि काम संपल्यावर एक शब्द न बोलता गेले. लोकांकडं जाणं-येणं, ख्यालीखुशाली, हळदीकुंकू, भांडणं, हे सगळं खातं शकूकाकूंकडं. शकूकाकू म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या घरात असल्या की गल्लीच अण्णांकडं येऊन बसायची. अण्णा आतल्या खोलीत पेपर वाचत आणि बाहेरची बडबड ऐकत. तेवढं त्यांना पुरायचं.

मग बंगळूरच्या मुलाला मुलगी झाली आणि शकूकाकू सुनेच्या बाळंतपणाला गेल्या. तीन महिन्यांत येते म्हणाल्या होत्या. सून नोकरीवर जायला लागली, बाळाला कोण पाहणार? म्हणून बाळ बसायला लागलं की येते असं ठरलं. मग चालायला लागलं की. मग बोलायला लागलं की. आता नात सगळं बोलत होती, फोनवर अण्णांना दटावतही होती, आणि शकूकाकू तिकडंच होत्या. शेवटचा शब्द असा होता की येत्या जूनमध्ये ती शाळेत जाईल, तेव्हा काकू नक्की परत येणार.

अण्णा का गेले नाहीत तिकडं? गेले होते. एका खोलीचं आणि हॉलचं घर. हॉलमध्ये अण्णांची गादी, हॉलमध्येच टीव्ही, हॉलमध्येच सुनेचं रात्रीचं ऑफिसचं काम. मुलगा-सून चांगली आहेत, कोणी काही म्हटलं नाही. पण पंधरा दिवसांत अण्णा पिशवी घेऊन परत आले. जिजींनी विचारलं, "काय झालं भाऊ, करमलं नाही?" तर म्हणाले, "तिथं काय होतं जिजी, सकाळी फुल होऊन बसतो, अन् संध्याकाळपर्यंत फुलच राहतो. उतरवायले माणूसच नाही."

तेव्हा ते बॅटरीबद्दलच बोलत आहेत असं आम्ही समजलो आणि हसलो.

हळूहळू गल्लीतल्या पोरापोरींच्या हातात कॅमेरे असलेले मोबाइल आले. फोन, फोटो, गाणी, घड्याळ, टॉर्च, सगळं एकाच डबीत शिरलं. अण्णांचा कॅमेरा एकदम जुना दिसायला लागला. बाजारातल्या दुकानदारानं सांगितलं की या मापाची बॅटरी आता कोणी ठेवत नाही. अण्णांना वाईट वाटल्याचं दिसलं नाही. फक्त संध्याकाळच्या फेरीतली घरं कमी झाली. लाइटही आता पूर्वीइतकी जात नव्हती, लोक मालिका पाहत बसायचे, मधेच फ्लॅश मारलेला कोणाला चालायचा नाही. शेवटी राहिलं ते आमचं घर. अण्णा यायचे, जिजींच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसायचे, आणि तासाभरात दोन-तीनच फोटो काढायचे. बॅटरी उतरायला वेळ लागायचा. त्यांचीही घाई नसायची.

जून जवळ आला तसे अण्णा कामाला लागले. स्वयंपाकघरातल्या फळ्यांना रंग दिला. गॅसची नळी बदलली. तुळस वाळली होती, नवी लावली. रोज संध्याकाळी येऊन जिजींना अहवाल देत. एकदा मला म्हणाले, "सूनबाई, आपल्या बाजारात त्या हिरव्या बरण्या कुठं भेटतात? शकूच्या दोन फुटल्या माझ्या हातून. ती आल्यावर पहिले बरण्याच पाहील." मी लालबागहून येताना बरण्या आणून दिल्या. माणूस किती वाट पाहतोय, हे त्या बरण्या हातात घेताना त्यांच्या तोंडावर दिसलं.

अशातच माझा धाकटा भाऊ प्रसाद पुण्याहून आला. इंजिनीयर आहे. त्याला सगळं येतं, फक्त गप्प बसता येत नाही. संध्याकाळी अण्णा आले, "जराशी उरली आहे" म्हणाले, स्टुलावर बसले. प्रसादनं कुतूहलानं कॅमेरा हातात घेतला, बॅटरी काढून पाहिली, आणि म्हणाला, "काका, ही लिथियमची आहे. हिला पूर्ण उतरवायची काही गरज नसते. तो नियम जुन्या बॅटऱ्यांचा. उलट अशी रोज पूर्ण संपवली तर लवकर खराब होते ही. वाटेल तेव्हा लावा की चार्जिंगला."

"हाव का?" अण्णा म्हणाले.

"हो. तुम्ही इतकी वर्षं उगाचच त्रास घेतलात."

मी प्रसादकडं डोळे वटारून पाहिलं, पण तो पुढं बॅटरीच्या आत काय असतं ते सांगत सुटला. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग कॅमेरा पिशवीत घातला, चेन ओढली आणि उठले. "बरं झालं सांगितलं," म्हणाले, आणि ओट्याच्या पायऱ्या उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. प्रसाद पुण्याला गेला. जिजी संध्याकाळी रस्त्याकडं तोंड करून बसायला लागल्या. "भाऊ दिसले नाहीत," असं आधी म्हणायच्या, मग तेही म्हणायच्या बंद झाल्या. मी शाळेत जाताना अण्णा दारात दिसत. हात वर करत, आत जात. काम नव्हतं, तर ते कशाला येतील?

आठवड्याभरानं मला शकूकाकूंचा फोन आला.

"सूनबाई, हे येऊ राहिले ना तुमच्याकडं?"

मी जरा घुटमळले.

"नाही येत ना? मले वाटलंच," काकू म्हणाल्या. "मी रोज दिवेलागणीनंतर फोन करते. आधी दहा-दहा घंट्या वाजायच्या, मग धापा टाकत उचलायचे, म्हणायचे आत्ता आलो जिजींकडून. आता पहिल्या घंटीला उचलतात. फोनच्या जवळ बसूनच राहतात वाटतं."

मी त्यांना प्रसादची करणी सांगितली. काकू हलक्या आवाजात म्हणाल्या, "तो नियम माझाच होता गं."

मला कळेना.

"मी निघाले तेव्हा मोठी काळजी लागली होती. हा माणूस कामाशिवाय कोणाच्या दारात जाणार नाही. घरात एकटा भिंतीकडं पाहत बसेल. मग मी म्हटलं याले काम देऊन जाऊ. आमचा तो लाल इमर्जन्सी दिवा होता ना, त्याले पूर्ण उतरवून भरा म्हणायचे, त्यावरून सुचलं. मी सांगितलं, दुकानदार म्हणाला रोज उतरवायची, अन् फ्लॅशनंच उतरवायची. माझ्या नावावर सांगितलं असतं तर हसले असते." काकूंचा आवाज ओला झाला. "तू त्यांना सांगू नको मी रचलं म्हणून. दुसरं काही काम काढ त्यांच्यासाठी. जूनपर्यंतचाच प्रश्न आहे."

मी आणि जिजींनी मिळून काम काढलं. मिक्सर बिघडला आहे, जरा पाहून जा, असा निरोप मी अण्णांना दिला. ते लगेच आले, सोबत स्क्रू काढायचा पेचकस घेऊन. मिक्सर लावला, तो घुर्र करून फिरला. पुन्हा लावला, पुन्हा फिरला. अण्णांनी आमच्याकडं पाहिलं.

"कधीकधी होतं त्याले," जिजी दुसरीकडं पाहत म्हणाल्या.

अण्णांनी पेचकस खिशात ठेवला. "शकूचा फोन आला होता ना सूनबाई?"

खोटं बोलायला मी तोंड उघडलं, पण मला जमलं नाही.

"मले पहिल्यापासून माहीत होतं," अण्णा म्हणाले. "कॅमेरा घेतला तेव्हा दुकानदार मलेच बोलला होता, कधीही लावा चार्जिंगला, हिचं काही बिघडत नाही. शकू तेव्हा बाजूच्या दुकानात नातीची झबली पाहू राहिली होती. तिले दुकानदार कधी भेटणार? मग घरी येऊन इतकं सगळं रचून सांगितलं तिनं. मी म्हटलं, ठीक आहे. मी लोकांत जाऊ राहिलो हे ऐकून तिले तिकडं झोप लागेल. म्हणून जात गेलो." त्यांनी मिक्सरची वायर गुंडाळून ठेवली. "सुरुवातीले तिच्यासाठी जात होतो. तिले सांगू नका हे. बिचारीनं किती विचार करून काढलं होतं."

इतका वेळ उभेच होते, ते तसेच निघाले. मी म्हटलं, "अण्णा, बसा ना." तर म्हणाले, "आता सगळ्यांले माहीत झालं, सूनबाई. आता कसं येऊ? जूनमध्ये ती येतेच आहे. चार दिवसांचं काय."

दोघांनी दोन बाजूंनी एकमेकांपासून लपवलेली एकच गोष्ट आता माझ्याकडं होती, आणि ती मला कोणालाच सांगता येत नव्हती. मला फार राग आला त्या दिवशी. कोणावर ते कळत नव्हतं. मुलावर नाही, सुनेवरही नाही, तीही माझ्यासारखी नोकरी करणारी बाई. चाळीस वर्षं एका घरात काढलेल्या दोन माणसांना म्हातारपणी असं दोन गावांत ठेवायचं, आणि त्यात कोणाचीच चूक नसायची, याचा राग.

जून आला. शाळा उघडल्या. बंगळूरच्याही उघडल्या असणार. मी रोज येता-जाता अण्णांच्या दाराकडं पाहत होते, शकूकाकूंच्या चपला दिसतात का म्हणून.

एका संध्याकाळी मी ओट्यावर पोरांच्या वह्या तपासत होते. जिजी खाटेवर होत्या. अण्णा रस्त्यानं येताना दिसले. अंगात घरातला बनियन, पायात स्लीपर. अण्णांना रस्त्यावर बनियनवर मी पहिल्यांदाच पाहत होते. गळ्यात कॅमेरा नव्हता. ते पायरीशी थांबले नाहीत, सरळ वर आले.

"गोड बातमी आहे जिजी," ते म्हणाले. "सुनेले पुन्हा दिवस गेले. आत्ताच शकूचा फोन होता."

"वा," जिजी म्हणाल्या. "चांगलं झालं, भाऊ."

"हाव. चांगलंच झालं," अण्णा म्हणाले. "शकू आता येत नाही."

ते उभे राहिले. हातांचं काय करावं त्यांना कळत नव्हतं. एक हात गळ्याशी गेला आणि तसाच खाली आला. त्यांनी तोंड वळवलं नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं.

"मले काही काम नाही, जिजी," ते म्हणाले. "घरात बसवत नाही. इथं बसू का?"

जिजींनी पसरलेले पाय जवळ घेतले, आणि खाटेवर त्यांना जागा करून दिली.